पेटीवरचं गोणपाट

रविवारी दुपारी आम्ही पेटीतलं पाणी बदललं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, दर रविवारी करायचो तेच. माशांच्या काचेच्या पेटीत रबरी नळी सोडायची, दुसऱ्या टोकाने तोंडाने पाणी ओढायचं, धार लागली की नळी बादलीत धरायची. एक बादली जुनं पाणी बाहेर, एक बादली नवं आत. ओढायचं काम बायकोचं. अकरा वर्षांत तिने ती नळी माझ्या तोंडाला लागू दिली नव्हती. म्हणायची, "तुमच्या तोंडात मिसरी, अंगावर मिठागराची धूळ. नको." त्या रविवारी मात्र नळीचं टोक तिने माझ्यापुढे केलं.

"आज तुम्ही ओढा."

"का गो?"

"ओढा म्हनते ना."

मी ओढलं. घोटभर पाणी तोंडात आलं. शेवाळाचा वास होता, पण पाणी गोडं. मी थुंकलो तर ती हसली, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली. मी बादलीकडे बघत होतो. तिच्याकडे बघायला हवं होतं.

आमचं गाव खाडीच्या अंगाला, आगाशीच्या बाजारापासून चालत पाऊण तास. भातशेती आणि मिठागरं. मी मिठागरात कामाला, ती भाजीची पाटी घेऊन पार्ल्याला जायची. पडवळ, वाल, केळी, जे वाडीत असेल ते. आमच्या गावात मासळी खातात. मासळी कोणी पाळत नाही. म्हणून तिला सगळे खुळी म्हणायचे. मीही म्हणायचो. खोटं कशाला लिहू, पहिली तीन-चार वर्षं मला त्या पेटीचा रागच यायचा.

पेटी आली ती दातामुळे. सत्तर सालानंतरची गोष्ट. तिची दाढ सुजली म्हणून भाजीच्या एका गिऱ्हाइकाने तिला पार्ल्यातल्याच दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे बसायच्या खोलीत काचेची पेटी होती, आत चांदीच्या पत्र्यासारखे मासे, अंगावर काळ्या उभ्या रेघा, वरखाली पतंगासारखे पर. ही बघत बसली. नाव पुकारलं ते तिला ऐकू गेलं नाही. मागचे चार जण दात काढून घरी गेले. शेवटी डॉक्टरच बाहेर आला, तर ही त्यालाच विचारते, "ह्ये कुठल्या खाडीतले?"

डॉक्टर म्हातारा होता, एकटा होता. त्याला तेच पाहिजे होतं. त्याने तासभर सांगितलं. ह्यांना एंजल म्हणतात, सिक्लिडची जात, लांबच्या देशातल्या नदीतले, आणि ह्या जातीचं विशेष म्हणजे हे अंडी टाकून पळत नाहीत, नवराबायको मिळून पोरं सांभाळतात. बायको संध्याकाळी घरी आली ती दाढ तशीच घेऊन, गाल फुगलेला आणि हातात बरणी. बरणीत सहा पिल्लं, चाराण्याच्या नाण्याएवढी.

"दात?" मी विचारलं.

"ऱ्हायला," ती म्हणाली. "पन बघा तरी!"

पेटी आगाशीच्या बाजारातल्या खिडक्या बनवणाऱ्याने केली. लोखंडी पट्ट्या, काचा आणि काचा चिकटवायची लांबी. पंधरा दिवस गळत होती. पडवीत ठेवली, कारण एवढं वजन पेलेल असा दगडी कट्टा फक्त पडवीत होता. एकदा भरली की चार माणसांनासुद्धा हलत नव्हती. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

गावात तेव्हा वीज नव्हती. डॉक्टरने सांगितलं होतं की पाण्यात हवेचे बुडबुडे सोडावे लागतात. तर हिने लॉरीची जुनी ट्यूब आणली, तिला सलाईनची नळी जोडली, नळीवर चिमटा. ट्यूब मी सायकलच्या पंपाने भरायची. दिवसभर मीठ ओढून यायचं आणि मग पडवीत बसून शंभर वेळा पंप मारायचा. "शंभर झाले?" आतून विचारायची. "झाले." "नाय झाले. ब्याऐंशी झाले." मोजायची स्वैपाक करताना.

मासे एवढे जिवाचे, पण बोंबील त्यांच्यासमोर बसून खायची. मी एकदा चिडवलं, "अगो, बघतायत ते. त्यांच्या भावकीतला असेल." तिने काटा काढून पानाशेजारी ठेवला आणि पेटीकडे बघून म्हणाली, "ह्यो खारा, ते गोडे. ओळख नाय."

गोडं पाणी हीच तर अडचण होती. आमची विहीर मचूळ. ते पाणी आम्ही प्यायचो, पण त्यात ह्या माशांची अंडी टिकत नाहीत असं डॉक्टरने सांगितलं. मग पावसाळाभर पागोळ्यांखाली हंडे, डबे, कळशा. ते पाणी दोनदा फडक्याने गाळून पाच रांजणांत भरायचं आणि झाकणावर दगड. वर्षभर पुरवायचं. त्या रांजणातला पेलाभर मला कधी मिळाला नाही. तिनेही घेतला नाही.

वैशाखात विहिरीने तळ दाखवला की गावाला आमचे रांजण दिसायचे. पलीकडच्या घरातली वहिनी तोंडाने फटकळ, ती अंगणात उभी राहून ओरडायची, "माझी पोरं मचूळ पितात आन हिच्या मासळीला गोडं पानी! वांझेला कसली कीव!"

बायकोने ऐकलं. हंडा भरला, वहिनीच्या ओट्यावर नेऊन ठेवला, परत आली.

"दिलंस?" मी म्हटलं. "एवढं बोलली तरी?"

"पोरं पितील. पोरांनी काय केलंय?"

वांझ ती नव्हती. दोनदा दिवस राहिले होते, दोनदा गेलं. दुसरा मुलगा होता. याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

माशांना खायला डासाच्या अळ्या लागायच्या. मागच्या दारी तिने एक पिंप मुद्दाम घाण पाण्याचं ठेवलं होतं. जुन्या परकराच्या कापडाची झोळी करून रोज सकाळी अळ्या गाळायची. एकदा मलेरियाचा माणूस आला, भिंतीवर पेन्सिलीने तारीख टाकणारा. पिंपात बघून त्याने कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही डास पाळता?"

"डास नाय. डासांची पोरं."

"तेच ते!"

"तेच कसं? मी एकाला मोठं होऊ देत नाय. तुमचं काम करते, दादा. चा घ्याल?"

तो चहा पिऊन गेला. पिंपाचं झाकण घट्ट ठेवा एवढंच सांगून गेला.

आता माझं सांगतो. पहिल्याच वर्षी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. तिच्या भावाचं लग्न होतं, दोन दिवस माहेरी जायचं होतं. जाताना म्हणाली, "पेटीत सकाळ-संध्याकाळ चिमूटभर मीठ टाका. उतरेल." मी मिठागरातला माणूस. मीठ म्हणजे माझं स्वतःचं औषध. त्यात हात आखडता घ्यायचा का? मी सकाळी दोन मुठी टाकल्या. संध्याकाळी दोन. दुसऱ्या दिवशीही तसंच. आगरातलं ताजं, खडे तसेच. ती आली तेव्हा चार मासे आडवे होऊन वर आले होते. दोन तळाशी धापा टाकत होते.

मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेईल.  तिने त्या दोघांना रांजणाच्या पाण्यात काढलं. मग माझा उजवा हात धरला, तळवा उघडला. मिठाने फाटलेला, घट्टे पडलेला. 

"ह्या हातात चिमूट मावत नाय," ती म्हणाली. "माझीच चूक."

तेव्हापासून नियम झाला. पेटीजवळ यायचं तर हात तीनदा धुवायचे. एकदा धूळ जाते, दुसऱ्यांदा मीठ जातं, तिसऱ्यांदा काय जातं ते तिने कधी सांगितलं नाही.

वाचलेले दोघे नर-मादी निघाले. मोठे झाल्यावर त्यांनी एक कोपरा धरला. डॉक्टर म्हणाला, यांना उभा गुळगुळीत दगड द्या, त्यावर अंडी चिकटवतील. हिने आगाशीच्या बाजारातून पोरांची शाळेची पाटी आणली, लाकडी चौकट काढली आणि पेटीत तिरपी उभी केली. आमच्या घरात पाटी यायला दुसरं कारण नव्हतं.

अंडी घातली. मोत्याच्या बारीक दाण्यांसारखी, ओळीने. तीनशे तरी असतील. दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत होते. दुसऱ्या दिवशी वहिनीच्या घरी मुसळ पडलं, धाडकन आवाज झाला. दोघं दचकले, वळले आणि मिनिटाभरात पाटी साफ. खाऊन टाकली.

मी म्हटलं, "काय हरामखोर जात आहे गो."

"नाय," ती म्हणाली. "रागाने नाय खाल्ली. घाबरून खाल्ली. वाटतं त्यांना, आता कोनतरी नेनार, त्यापेक्षा पोटात बरी."

असं एकदा नाही, सात वेळा झालं. मध्ये महिने जायचे, वर्ष जायचं. दर वेळी ती पाटी काढायची, राखेने घासायची, रांजणाच्या पाण्याने धुवायची, पुन्हा उभी करायची. "शिकतील," एवढंच म्हणायची. अंडी आली की पेटीवर गोणपाट लावायची, त्याला बोटाएवढं भोक, त्यातून बघायचं. पडवीतून वाट बंद. मी मागच्या दाराने. खोकायचं नाही, रेडिओ नाही, चपला अंगणाच्या टोकाला. कोणी आलं की बाहेरच थांबवायची आणि गंभीर तोंडाने सांगायची, "आमच्याकडे बाळंतपन हाय, हळू बोला." लोक हसायचे. गेल्यावर जास्त हसायचे.

डॉक्टर तिला समजावून थकला. एकदा मीही बरोबर होतो. तो म्हणाला, "बाई, अंडी पडली की पाटी उचला, वेगळ्या बरणीत ठेवा, निळं औषध टाका. सगळी पिल्लं जगतील. सगळे असंच करतात. आईबापांचा काय भरवसा?"

"तुमची सहा कशी जगली?"

"तशीच. बरणीत."

"मंग बरोबर हाय," बायको म्हणाली. "ह्यांनी आईबाप बघितलेच नाय. ह्यांना कोन शिकवनार? एकदा, एकदाच ह्यांनी स्वतःची पोरं वाढवू दे. मंग त्या पोरांना येईल."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमची मिसेस हट्टी आहे."

मी म्हटलं, "दाढ अजून काढलेली नाही तिने." त्यावर तिघंही हसलो. तो डॉक्टरही गेला पुढे. सगळेच गेले.

आठव्या वेळेला टिकली. मिठागराचा हंगाम होता, हवेत गारवा होता. तिसऱ्या दिवशी अंड्यांना शेपट्या फुटल्या. पाटीवर सगळीकडे वळवळ. मी मागच्या दाराने आलो, हात धुतले तीनदा, आणि तिने मला हाताने बोलावलं. गोणपाटाच्या भोकाला मी डोळा लावला. एक पिल्लू पाटीवरून सुटून खाली पडत होतं. नर धावला, तोंड उघडलं आणि आत घेतलं.

"खाल्लं," मी कुजबुजलो.

"थांबा."

"अगो खाल्लं ना."

"थांबा म्हनते." तिने माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं गार होती. नराने गाल हलवले, पाटीपाशी गेला आणि ते पिल्लू थुंकून परत जागेवर चिकटवलं. मग दुसरं पडलं, तेही तसंच. ज्या तोंडाने सात वेळा खाल्लं त्याच तोंडाने. मी बाजूला झालो तर बायको रडत होती. आवाज न करता. आवाज केला तर घाबरतील म्हणून.

आठव्या दिवशी पिल्लं पोहायला लागली. आईबापांच्या भोवती धुकं असावं तशी. तो रविवार. नळीच्या टोकाला फडकं बांधून आम्ही पाणी बदललं, पिल्लू ओढलं जाऊ नये म्हणून. ती नळी तिने मला दिली ते वर लिहिलं आहे.

तिला दम लागत होता. हृदयाची झडप खराब आहे, असं सरकारी दवाखान्यात सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं. कागद रांजणामागे सापडला.

सोमवारी सकाळी मी निघालो तेव्हा ती दारात होती. म्हणाली, "वयनी आज सूप मागायला येईल. मी नसले समोर तर आत येते ती. पेटीवरचं गोनपाट कोनाला काढू देऊ नका."

"मी कुठे असणार आहे? मी कामावर."

"तरी सांगून ठेवते."

दुपारी मिठागरावर निरोप आला. मी धावत आलो. पायाला मीठ तसंच, हाताला मीठ तसंच. ती पडवीत होती, चटईवर. पेटीपासून दोन हातांवर. वहिनीला सापडली होती. सूप मागायला आली तेव्हा.

मग लोक आले. आमच्यात बाई गेली की बायका मोठ्याने रडतात, छाती पिटतात, नाही रडल्या तर लोक नावं ठेवतात. पडवी भरली. धपधप पावलं. कोणी कट्ट्याला टेकून बसलं, कोणी पेटीवर हात ठेवला. वाडीतली एक म्हातारी आली, तिला बसायला काहीतरी हवं होतं. वहिनीने इकडे तिकडे बघितलं आणि पेटीवरचं गोणपाट ओढून जमिनीवर अंथरलं. "बसा, आजी." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळ्यांत जास्त तीच रडत होती.

मी समोर होतो. मला दिसलं. दोघं मासे पेटीत इकडून तिकडे आपटत होते, मध्ये पिल्लांचं धुकं फुटत होतं. मला बोलता आलं असतं. "वहिनी, ते परत लावा." एवढंच. तोंड उघडलं होतं मी. पण लाज वाटली. बायको समोर पडली आहे आणि हा माशांची काळजी करतो आहे, असं लोक म्हणतील. खुळी गेली आणि खुळा मागे ठेवला, असं म्हणतील. मी तोंड मिटलं. तिने आयुष्यात माझ्याजवळ फार काही मागितलं नव्हतं. तिच्या शेवटच्या मागण्याला मी लाजलो.

स्मशानातून आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती होती त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला होता. त्या उजेडात पेटीत बघितलं. दोघंच होते. पाटी कोरी. पाणी स्वच्छ, रविवारी बदललेलं.

पुढचं सांगून टाकतो. ती जोडी दीड वर्ष जगली. पुन्हा अंडी घातली नाहीत. पेटीची लांबी सुटली, काचा कोणीतरी नेल्या. ज्या बावखलातून ती पिल्लांसाठी बारीक जीव गाळून आणायची ते तळं बुजवून त्यावर बिल्डिंग झाली. मी म्हातारा झालो. वहिनीही गेली. ती असेपर्यंत मी तिला सांगितलं नाही की त्या दिवशी तिने काय ओढून काढलं. सांगून काय करायचं होतं? दोष तिचा नव्हता.

पण मला दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची आहे.

सकाळी उजाडल्यावर मी चुलीजवळचा मिठाचा डबा घेतला. मूठ भरली. पेटीपाशी गेलो. चार मी आधीच मारले होते, हे दोन राहिले होते. हात वर केला. ते दोघं मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून होते, पर मिटलेले, रेघा जास्तच काळ्या पडलेल्या. माझी सावली पडली तसे आणखी आत दबले. 

मूठ डब्यात सोडली. हात धुतले. एकदा. दोनदा. तीनदा. पाटी बाहेर काढली, राखेने घासली, रांजणातल्या पाण्याने धुतली, तिरपी उभी केली. मागच्या पिंपातून तिच्या परकराच्या झोळीने अळ्या गाळून टाकल्या. जमिनीवरचं गोणपाट उचललं, झटकलं, पेटीवर लावलं. भोक समोर येईल असं. मग दारात जाऊन बसलो.

पहिली वहिनीच आली, चहाचा टोप घेऊन. अंगणातूनच तिने गळा काढला. मी उठलो आणि तोंडावर बोट ठेवलं.

"वहिनी, चपला तिकडेच ठेवा," मी म्हटलं. "आन हळू बोला. घाबरतात."